त्यातच करा

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. कुलूप रोजचंच, किल्लीही रोजचीच, आणि तरी रोज नेमक्या ह्याच घटकेला दोघांचं बिनसायचं. सिस्टर आपल्याच दारासमोर खालचा ओठ दातांत धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. पन्नाशी उलटलेली बाई, एका वॉर्डाची इन्चार्ज, खांद्याला डब्याची पिशवी, आणि नाच असा की शेजारच्यांनी पाहिला असता तर ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते. ड्यूटीवर तिला लघवीला लागायची नाही. म्हणजे लागायची, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? दुसऱ्यांचं आवरता आवरता आपलं राहून जायचं, आणि राहिलेलं शरीर मुकाट सांभाळायचं. बसमध्ये सांभाळायचं, जिन्याच्या शेवटच्या वळणापर्यंत सांभाळायचं. घराचं दार दिसलं की मात्र त्याचा धीर सुटायचा. तिनं किल्ली बाहेर काढली, पुन्हा घातली, गुडघे एकमेकांवर दाबले, आणि तेवढ्यात तिच्या आत कुणीतरी म्हणालं, ‘त्यातच करा.’ आवाज तिचाच होता. वॉर्डातला. रागाचा नव्हे, खेकसण्याचाही नव्हे. उलट गोड, समजुतीचा, एका हातानं दुसरं काम चालू असताना काढतात तसला. कुलूप उघडलं. पिशवी दारातच पडली. संडासापर्यंत ती पोचली, पण सगळी पोचली असं म्हणता आलं नसतं.

दिवा लावायचा राहिला होता. अंधारात ती नुसती बसून राहिली. ओलं झालेलं पायाला गार लागत होतं, आणि ती त्याच्याकडे एखाद्या नवख्या माणसाकडे बघावं तशी लक्ष देऊन होती. किती वर्षं झाली, ह्याच एका गोष्टीत तिचे हात बुडालेले होते. ओल्या चादरी, रबरी चादरी, भांडी, नळ्या, पिशव्या. त्यातलं न कळण्यासारखं काही उरलं नाही असं ती नवीन पोरींना सांगायची. आणि हा गारवा, कपडा कातडीला चिकटण्याआधीचा हा क्षणभराचा ऊबदारपणा आणि मग लगेच आलेला गारवा, हा तिला माहीतच नव्हता. म्हणजे माहीत होता, पण फार जुना होता. त्याच्यामागून लगेच दुसरी गोष्ट आली. आज दिवसभर खिडकीजवळच्या पलंगाची बेल वाजली नव्हती. कालही वाजली नव्हती. परवाचं तिला आठवेना, आणि आठवत नाही ह्याचाच अर्थ वाजली नव्हती. बेल वाजत नाही म्हणून तिला बरंच वाटलं होतं, हेही आठवलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा होती. ती तशीच उठली, कपडे स्वतःच्या हातांनी धुतले, आणि वाळत घालताना वरून टॉवेल पसरला. टॉवेल पसरून झाल्यावर तिला कळलं की आपण लपवतोय. नवरा कामावरून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, गॅस न पेटवता. "काय झालं?" "कुलूप बिघडलंय." "तेल घाल की थोडं," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

खिडकीजवळच्या पलंगावर होत्या त्या ऑपरेटर आजी. हे नाव वॉर्डानं ठेवलेलं. तरुणपणी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात तारेच्या दोऱ्या, ह्या शहराचं बोलणं त्या शहराला जोडून द्यायचं. घरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या ह्या वॉर्डात आल्या. हाड चांगलं जुळत होतं. वॉकर धरून, बाजूला कुणी असलं तर, त्या संडासापर्यंत जाऊन यायच्या. मन थोडं इकडेतिकडे जायचं, कधी सकाळला संध्याकाळ म्हणायच्या, पण एक गोष्ट त्यांची पक्की होती. बेल दाबायच्या, पलंगावरचा लाल दिवा लागला की हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायच्या, आणि उशीर झाला तर म्हणायच्या, "लाइन बिझी आहे वाटतं, सिस्टर?" सगळा वॉर्ड हसायचा. एक्सचेंजमध्ये बोर्ड सोडून उठायचं नसे. हात वर करायचा, सुपरवायझर बघेल तेव्हा बघेल, रिलीफची बाई येऊन आपल्या खुर्चीत बसली की मगच उठायचं. "कधीकधी अर्धी पाळी जायची हो हात वर करून," आजी सांगायच्या, "पण आमच्या रांगेत कुणाची खुर्ची कधी ओली झाली नाही. एकीचीसुद्धा." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की बघणाऱ्याला वाटावं, बाईंनी लढाई जिंकली आहे.

त्यांचा मुलगा पहिल्याच भेटीत सिस्टरला बाजूला घेऊन बोलला होता. मोठा, थकलेला, चांगला माणूस. हातातली संत्र्यांची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. "सिस्टर, मी वाईट मुलगा नाही हो. आईला न्यायचंच आहे. पण एकच विचारतो. तिचं तिला कळेल ना? म्हणजे बाथरूमचं?" मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं स्वतःच्या वडिलांचं त्यांच्याच घरात केलं होतं, ते अंथरुणात गेले तेव्हापासून ते जाईपर्यंत. गादी, चादरी, वास, पुन्हा गादी. तिनं हात जोडले होते. चालतंबोलतं माणूस आणा, मी जन्मभर सांभाळते; पण ते पुन्हा नको, मी मरून जाईन. "तिला तरी कुठल्या तोंडानं सांगू?" मुलगा म्हणाला. तसं नसलं तर शहराबाहेर एक संस्था होती. नाव लावून ठेवलं होतं. सिस्टरला ती संस्था ठाऊक होती. तिथे माणसं आडवी जातात आणि आडवीच राहतात. सिस्टर तेव्हा छातीठोकपणे म्हणाली होती, "तुमच्या आईचं आमच्यापेक्षा चांगलं आहे. खुशाल न्या." तो माणूस इतका हलका झाला की संत्र्यांची पिशवी त्यानं तिच्याच हातात दिली.

आणि मग ती दुपार. तशी साधीच दुपार. दोन मावश्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. उरलेल्या एका मावशीला क्ष-किरणाकडे पेशंट घेऊन पाठवलं होतं. दाराजवळच्या बाईनं हाताची सुई उपटून काढली होती, पलीकडचीला धाप लागली होती, डॉक्टरला बोलावलं होतं आणि तो येत नव्हता. बेल वाजली. पुन्हा वाजली. सिस्टर हातात रक्ताळलेला कापूस घेऊन खिडकीशी गेली तेव्हा आजींनी नेहमीचंच विचारलं, लाइन बिझी आहे का. त्यांना डायपर बांधलेलं होतं. गरज होती म्हणून नव्हे. एकटं चालता न येणाऱ्या सगळ्यांना बांधायचं असा मेट्रनचा हुकूम होता, कारण कुणी घाईनं उठलं आणि पडलं की उत्तर वॉर्डाला द्यावं लागतं. "आजी, बांधलंय ना? त्यातच करा. मी नंतर बदलते." आजी तिच्याकडे बघत राहिल्या. "इथंच?" "हो, इथंच. त्यासाठीच असतं ते. लाजायचं काय त्यात?" असं म्हणून तिनं कापूस नसलेल्या हातानं त्यांच्या गालावर थोपटलं. ते थोपटणं तिला आता बोटांच्या टोकांना जाणवत होतं. त्या दुपारी आजींनी कितीतरी वेळ धरून ठेवलं असणार, हात मांडीवर ठेवून, कारण संध्याकाळी सिस्टर बदलायला गेली तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि तोंड भिंतीकडे होतं. "सॉरी सिस्टर," त्या भिंतीला म्हणाल्या. सिस्टर थकली होती, तरी हसली. "अहो, सॉरी काय? शहाण्या आहात तुम्ही. अस्संच करायचं. कुणाला त्रास नाही, काही नाही." दुसऱ्या दिवशी बेल कमी वाजली. शहाण्या आहात, असं ती पुन्हा म्हणाली असेल. दोनदा, तीनदा म्हणाली असेल. ह्या वाक्याचा तिनं हिशोब कुठे ठेवला होता?

तिला फेरीची आठवण आली आणि त्या आठवणीनं ती अंथरुणात उठून बसली. नवरा घोरत होता. फेरी तिनंच सुरू केली होती, ह्या वॉर्डाची इन्चार्ज झाल्या झाल्या. झोपेतून उठल्यावर, चहानंतर, जेवणाआधी, दुपारी डोळा लागून उठल्यावर. लागली असो नसो, ज्याला बसता येतं त्याला उठवायचं, न्यायचं, बसवायचं, आणि घाई करायची नाही. मावश्यांच्या नाकी नऊ यायचे. "सुटली का तुमची फेरी?" असं एकमेकींना विचारायच्या. पण चादरी कोरड्या राहायला लागल्या, वॉर्डाचा वास गेला, माणसं खाली मान घालून बोलायची ती वर बघून बोलायला लागली. भांडं मागायला एखादी लाजली की मावशी मोठ्यानं म्हणायची, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, आजी? घ्या की!" आणि सगळ्या पलंगांवर हशा पिकायचा. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर विचारायला आल्या होत्या, कसं जमवता. ती तेव्हा सांगायची की ह्यात जमवायचं काही नाही, माणसानं विचारायच्या आधी आपण विचारायचं, एवढंच. मग माणसं कमी झाली आणि डायपरची खोकी आली. औषधांच्या कपाटाशेजारी छतापर्यंत रचून ठेवली गेली. फेरी बंद केली असं कुणीच म्हणालं नाही. ती आज राहिली, उद्या राहिली, आणि राहूनच गेली.

आणि ती फेरी तरी तिच्या डोक्यात कुठून आली होती? हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती लहान होती, तिसरीत. फळ्यावर गुणाकार होता. तिनं हात वर केला. बाई म्हणाल्या, "बस खाली. मधल्या सुट्टीत." तिनं पुन्हा हात वर केला. बाईंनी बघितलं आणि खडू उचलला. आवाज गोडच होता. "बस बरं का. मोठ्या मुली धरून ठेवतात." मग पाय ऊबदार झाले, आणि लगेच गार. फरशीला उतार होता. ते पाणी बाकाखालून निघालं आणि सावकाश, अगदी सावकाश, पुढच्या बाकापर्यंत गेलं, आणि तिथल्या मुलीनं मागे वळून न बघता, पुस्तकातून नजर न काढता, फक्त आपलं पाऊल उचलून घेतलं. वर्ग हसला ते नंतर. हसणं ती विसरली होती. ते उचललेलं पाऊल काही विसरली नाही. कोरडा फ्रॉक घेऊन आई आली, कपडे बदलले, हात धरून रस्त्यानं चालायला लागली. बरंच अंतर चालून झालं. मग विचारलं, "तू विचारलं होतंस ना?" तिनं मान डोलावली. "मग लाज तुझी नाही. तिची आहे." आई एवढंच म्हणाली होती आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्या एका वाक्यावर ती नर्स झाली होती, फेरी काढली होती, इतकी वर्षं लोकांचं ओलं कोरडं केलं होतं. आता अंधारात बसून ती त्या बाईंचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होती आणि तो येत नव्हता. बाईंच्या हातात खडू होता की रक्ताळलेला कापूस, हेच तिला नीट दिसेना.

सकाळी ड्यूटीवर जाताच तिनं आजींचं डायपर काढून टाकलं. आजी घाबरल्या. दोन्ही हातांनी त्यांनी आपला गाऊन खाली ओढून धरला. "अहो, नको, सांडेल." "सांडू दे. आपण जाऊन येऊ. चला, उठा." त्या उठल्या, वॉकर धरला, आणि दोन पावलांत फरशी ओली झाली. वॉकरचे रबरी पाय त्यात उमटले. आजी जागच्या जागी थिजल्या आणि म्हणाल्या, "रागावू नका. बांधा ना. बांधलं की बरं वाटतं." मावशीनं फडकं आणलं, गुडघ्यावर बसून पुसलं, आणि उठताना कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "कशाला छळता म्हातारीला? एकदा सुटलं की सुटलं, सिस्टर. मनाचं दार असतं ते. आपण कितीही लावलं तरी आतून कडी त्यांनाच घालावी लागते." "महिन्यापूर्वी घालत होत्या की." मावशीनं बादली उचलली. मावशीचा स्वभावच तसा. जिथे बोलून उपयोग नाही तिथे ती कामाला लागते. दुपारी मेट्रन येऊन गेल्या. फरशी ओली राहते, उद्या कुणी घसरलं तर कोण जबाबदार, एका पेशंटसाठी तुम्ही एकट्या अर्धा वेळ संडासात बसता, बाकीच्यांनी काय करायचं. सगळं खरं होतं. सिस्टरनं मान खाली घालून ऐकून घेतलं. वॉर्डातल्या तिच्या बाकीच्या आयाबाया त्या वेळात खरोखरच पडून होत्या, बांधलेल्या, गप्प, कोरड्या दिसणाऱ्या. त्यांतल्या किती जणींची बेल कधी बंद झाली, ते तिला माहीत नव्हतं. एकीचं कळलं म्हणून एकीसाठी जीव काढायचा, आणि तोही कशासाठी, आजींसाठी की स्वतःसाठी? ह्या प्रश्नापाशी ती आली की तिथून लगेच उठायची आणि आजींना उठवायची.

मुलगा रविवारी येणार होता. त्यानं फोनवर विचारलं होतं, "मग नेऊ ना, सिस्टर?" आणि ती म्हणाली होती, "या तर खरं." तिनं आजींसाठी फेरी पुन्हा चालू केली, एकटीनं. कमोडच्या खुर्चीवर बसवायची, समोर बादली पालथी घालून स्वतः बसायची, नळ बारीक सोडून ठेवायची. नळाच्या आवाजानं आजींना काही व्हायचं नाही. सिस्टरलाच लागायची आणि ती पायावर पाय घालून बसायची. "काय चाललंय आपलं?" आजी विचारायच्या. "वाट बघतोय." "कुणाची?" "रिलीफची." मग आजी हसायच्या. एकदा अशाच बसल्या असताना त्यांनी आपणहून एक्सचेंजचं काढलं. पावसाळ्यात दोऱ्या धरल्या की हाताला झिणझिण्या यायच्या, म्हणाल्या. एक सुपरवायझर होती, ती हात वर केलेला मुद्दाम बघायची नाही. "एकदा मी इतकी धरली, इतकी धरली, की डोळ्यांपुढे काजवे. आणि लाइनवर कोण? एक माणूस बायकोला मुलगा झाला म्हणून सांगत होता. त्याला म्हटलं, अभिनंदन, आणि मनात म्हटलं, आता तरी ठेव रे बाबा फोन!" दोघी हसल्या, आणि हसता हसता खालून आवाज आला. थोडाच. भांड्यात पडल्याचा, स्वच्छ, वेगळा. सिस्टर उठून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं. तिनं आजींचं डोकं पोटाशी धरलं आणि "झालं, आजी, झालं," म्हणत राहिली. दाराबाहेर येऊन मावशीला सांगितलं तेव्हा मावशीसुद्धा नाही म्हटलं तरी हसली. बसमधून घरी जाताना सिस्टरला सगळी माणसं चांगली दिसत होती. इतकी वर्षं नोकरी करून माणसाला एवढ्याशा आवाजाचा आनंद व्हावा, ह्याचं तिला नवल वाटलं नाही.

तो आवाज पुन्हा आला नाही. बसवलं की आजी गप्प बसायच्या, शहाण्या मुलीसारख्या, आणि पलंगावर परत नेलं की पाठ टेकताच चादर ओली करायच्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटकेचा, समाधानाचा भाव यायचा. तो भाव बघून सिस्टरला हात टेकावेसे वाटायचे. शरीराला इतकं नीट समजलं होतं. संडासात करायचं नाही, पलंगावर करायचं. ते विसरायला आजींना महिना कुठून आणायचा, आणि महिनाभर रोज त्यांच्यासमोर बादली पालथी घालून बसायला माणूस कुठून आणायचं? शनिवारी तिनं त्यांना बसवलं आणि विचारलंच, "आजी, लागलेली कळते ना? खरं सांगा." "कळते की." "मग सांगत का नाही?" आजींनी तिच्याकडे अशा नवलानं बघितलं की सिस्टरला आपणच काहीतरी वेडगळ विचारलं असं वाटलं. "तुम्हाला किती कामं असतात," आजी म्हणाल्या.

रविवारी सिस्टरची सुट्टी होती. तरी ती आली. आजींना अंघोळ घातली, केस विंचरले, घरून आणलेला निळा गाऊन घातला, आणि डायपर न बांधता खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. त्याआधी फेरी झाली होती. बराच वेळ बसवूनही काही झालं नव्हतं. नको ते पाणी, म्हणून तिनं सकाळचा चहा अर्धाच दिला होता, आणि तो अर्धा कप परत नेताना तिला स्वतःची शिसारी आली होती. मुलगा आला. ह्या वेळी संत्री नव्हती; हातात नवीन वॉकर होता, प्लास्टिकचं आवरणही न काढलेला, आणि तोंडभर हसू. बायकोनं खोली आवरून ठेवली होती, म्हणाला, बाथरूमला धरायला दांडा बसवून घेतला. "तिनंच सुचवलं, सिस्टर. दांडा." त्या दांड्याचं त्याला इतकं कौतुक होतं की त्यानं हातानं हवेत उंचीसुद्धा दाखवली. मग तो आईच्या समोर उकिडवा बसला. "आई, घरी जायचं ना?" आजींचा चेहरा उजळला. "जायचं तर." "आणि बाथरूमला लागली की सांगशील ना? हाक मारशील?"

आजींनी आधी सिस्टरकडे बघितलं. परीक्षेत उत्तर येत असलेलं मूल बाईंकडे बघतं तसं. मान ताठ झाली, पूर्वी एक्सचेंजचं सांगताना व्हायची तशी. "छे रे," त्या म्हणाल्या, "मी कुणाला हाक मारत नाही. आधी मारायचे. आता बसल्या जागी करते. कुणाला त्रास नाही, काही नाही. विचार सिस्टरना, त्यांनीच शिकवलंय."

मुलगा हसत होता ते हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. त्यानं वर सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "खरं आहे. त्यांना कळत होतं. चूक माझी आहे. मी त्यांना सांगितलं की—" तेवढ्यात तो उठून उभा राहिला आणि तिच्या खांद्याला, लागू नये इतक्या हलक्या हातानं, शिवला. "नाही हो, सिस्टर. तुम्ही असं काय बोलता? तुम्ही किती केलंत, मावशी सांगत होत्या मला. वय झालं आता तिचं. कुणाचाच इलाज नाही." तिला वाटलं, ह्यानं आपल्या थोबाडीत मारायला हवी होती. तिनं पुन्हा म्हटलं, "वय नाही, मी," पण तो मान हलवत होता, समजुतीनं, गोड, जसं कुणी वेडंवाकडं बोलणाऱ्या पेशंटचं ऐकून घेतं. ‘वय झालं’ हे तिनं तरी किती नातेवाइकांना सांगितलं होतं. त्यानं खिशातून फोन काढला, बायकोला की संस्थेला ते तिला कळलं नाही, आणि फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत उभा राहिला. नवीन वॉकर पलंगाला टेकून उभा होता. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

मग खुर्चीखाली आवाज झाला. भांड्यात पडल्याचा नव्हे, फरशीवरचा, चपटा. सिस्टरनं तो बघायच्या आधी ओळखला. फरशीला इथेही उतार होता. पाणी खुर्चीखालून निघालं, सावकाश पुढे आलं, मुलाच्या बुटापाशी गेलं, आणि फोन कानाला तसाच धरून, बाहेरची नजर न काढता, त्यानं आपलं पाऊल उचलून बाजूला ठेवलं. सिस्टर फडकं आणायला गेली नाही. गळ्यातला स्कार्फ काढला आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. कपड्याचा गुडघा भिजला, ऊबदार, आणि लगेच गार. वरून आजींचा हात आला आणि तिच्या केसांवर टेकला, थोपटायला लागला.

"सिस्टर," आजी हळूच म्हणाल्या, मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "बरोबर केलं ना मी?"

"हो, आजी," ती खाली बघूनच म्हणाली, "अगदी बरोबर केलंत."